ओल्या सारवणावरचा खडू

"आत्ता सारवलं, बाप्पा! अन् या पोट्ट्यानं रेघोट्या ओढल्याही!"

घरमालकीण दुर्गाबाई खोलीच्या दारातच पुटपुटल्या.

ही घटना खरी आहे. अमरावती, १९६२ चा एप्रिल, भर दुपार. आता त्या खोलीत फरशी आहे. तरी दुपारी तिथं एकटं कोणी बसत नाही.

खोलीत दोन भाडेकरू. वलगावचा धर्मपाल, धामणगावचा गोवर्धन. दोघेही बी.एस्सी.चे. कागद परवडत नसे, म्हणून गणितं खडूनं जमिनीवर. रोज दुर्गाबाई ती शेणानं सारवत.

"तुमची सारी विद्या मीच पुसतो," त्या हसत.

धर्मपाल गणितात दोनदा नापास झालेला. ही शेवटची संधी. नाहीतर बापासारखी मजुरी.

त्यात यंदा अभ्यासक्रम नवा. सातही प्रश्न सोडवायचे, की कोणतेही पाच? मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. अकोल्याच्या एका मास्तरांना माहीत आहे, एवढं कानावर आलं.

"तू जाय. मी तवरक गणितं काढतो," धर्मपाल म्हणाला.

गोवर्धन अकोल्याला निघाला. मास्तरांचं घर गाठायच्या आधीच त्याला ऊन लागलं. रस्त्यातच कोसळला. उठला नाही.

धर्मपालचे वडील जानराव वलगावहून आले. हळूच म्हणाले, "परीक्षा होऊ द्या. तवरक ‘मेला’ हा शब्द नोका काढू."

मग सगळेच म्हणू लागले, गोवर्धन गावाले आहे.

धर्मपालला सारं ठाऊक होतं.

तोही तेच म्हणे.

आणि आज ह्या रेघोट्या...

"म्या नाही काढल्या, मावशी." धर्मपाल ओसरीवरून म्हणाला. सकाळपासून तो तिथंच होता. सारवून दाराला कुलूप लावलेलं, किल्ली दुर्गाबाईंच्या कमरेला.

सारवण अजून ओलं होतं. ओल्या शेणावर खडू उमटत नाही.

हा उमटला होता.

पावलाचा ठसा मात्र एकही नव्हता...

"काय लिहिलं रे?" त्यांना वाचता येत नव्हतं.

धर्मपालनं दाराशी येऊन वाचलं. "पाच... का सात?"

अक्षर कोणाचं, ते त्यानं सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

"उंदरं असतील," त्या म्हणाल्या. लिहिता येणारे उंदीर! त्यांचं त्यांनाच हसू आलं नाही.

दुसऱ्या दुपारी बंद दाराआड आवाज आला.

खर्र... खर्र...

धर्मपाल दाराला कान लावून रडकुंडीला आला. "मले नाही माहीत रे! कोणालेच नाही माहीत!"

आवाज थांबला.

पुन्हा सुरू झाला.

तिसरी दुपार. उद्या पेपर. दार उघडलं, तर जमीन पांढरीफटक. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच सवाल.

पाच का सात? पाच का सात?

आणि समोर, दोघं बघत असताना, कोपऱ्यात आणखी एक पाच उमटू लागला... खडू कुठंच नव्हता.

धर्मपालनं पुस्तक मिटलं. "मी नाही जात पेपरले. तो माह्यासाठी गेला अन् अजून विचारूनच राहिला. म्या काय उत्तर देऊ?"

दुर्गाबाई मागे सरल्या. पळावंसं वाटलं. पण त्या उंबऱ्यावरच बसल्या. तापलेल्या लेकराला जवळ घ्यावं, तशा आवाजात कोपऱ्याकडे बघून बोलल्या,

"गोवर्धन, बापू... तुले अकोल्याले ऊन लागलं. तू मेला, बाप्पा. तुले आता पेपर नाही."