तिसऱ्याआधी चौथा

"हात लावायचा नाही! घ्यायचाय की नाही ते आधी बोला."

भंगारवाल्याने गिअरबॉक्सवर पंजा ठेवला. मामाने तो सरळ बाजूला सारला.

"डोळे झाकून घ्यायला हे काय लॉटरीचं तिकीट आहे?"

मामा म्हणजे गिअरबॉक्सचा जुना मिस्त्री, तोंडाचा फटकळ आणि हाताचा पक्का. सोबत त्याची भाची. नवरा गेल्यापासून शाळेची व्हॅन तीच चालवायची. आठ दिवसांपूर्वी दिराने ती व्हॅन आपल्या गॅरेजात नेली आणि निरोप धाडला की तिसऱ्या गिअरचे दात झडले, गिअरबॉक्सचा डबा भंगारात फेकला. सोमवारी व्हॅन शाळेपुढे उभी राहिली नाही तर शाळा दुसरी गाडी लावणार होती. एवढ्या जुन्या मॉडेलचा माल मिळायचा तो याच दुकानात.

"इथे येऊ नका म्हटलं होतं," मागोमाग आलेला दीर कुरकुरला. "हा एक नंबरचा चोर आहे. वहिनी, व्हॅन विकून मोकळ्या व्हा. मी घेतो की."

"मी चोर?" भंगारवाला दिराकडे बघतच राहिला. "बरं."

"कधीपासून पडलाय हा?" मामाने विचारलं.

"तीन वर्षं. मागच्या अंगणात."

"उघड्यावर? आणि शाफ्टला गंजाचा ठिपका नाही?" मामाने ऑइल सीलवर अंगठा दाबला. रबर मऊ होतं, उन्हाने कडक झालेलं नव्हतं. "कोणी आणून दिला?"

"धंद्यातलं सांगत नाही."

मामाने खालचा प्लग उघडला. तेल खालच्या घमेल्यात गळलं. प्लगच्या चुंबकावर नुसती करडी पेस्ट होती, लोखंडाचा एक कपचा नव्हता. प्लगचा वॉशर मामाने उलटसुलट पाहिला आणि मुठीत धरला.

मग शाफ्ट फिरवत एकेक गिअर टाकला. पहिला पडला, दुसरा पडला. तिसरा काही केल्या पडेना. भंगारवाल्यानेही जोर लावून पाहिला.

"बघा, कामातून गेलेला माल!" दीर म्हणाला. "चला घरी."

भाचीने पुढे होऊन दांडा धरला, आधी चौथ्याला टेकवला आणि मग तिसऱ्यात ढकलला. लोण्यासारखा बसला.

"आमचाही असाच..." ती म्हणाली. तिचा हात दांड्यावरच राहिला.

"असाच नाही गं, हाच!" मामाने मूठ उघडली. तांब्याचा वॉशर एका कडेला चपटा होता. "दोन वर्षांपूर्वी तुझ्या व्हॅनला बसवताना पत्र्याचा तुकडा कमी पडला, म्हणून असा कापला. बाजारात मिळत नाही हा. दात झडले असते तर चुंबकावर कपचे सापडले असते. मग दात झडले असं सांगणारा कोण, आणि इथे येऊ नका म्हणणारा कोण? डबा बाहेरून चकाचक धुतलास रे, पण प्लगखाली बघायची अक्कल नाही."

"यानेच आणून टाकला गेल्या आठवड्यात!" भंगारवाला ओरडला. "वर मलाच चोर म्हणतो!"

दिराचा चेहरा पडला. "वहिनी, बाईमाणसाने कशाला ती दगदग... शाळेचं काम घरातच राहिलं असतं ना. माझ्याकडे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाने. रोज पहाटे उठून ती व्हॅन पुसायची, आणि या माणसाला आठ दिवस चहा करून पाजत होती.

"भाऊजी भाऊजी करत होते मी," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी सातला व्हॅन शाळेपुढे पाहिजे. उचल तो डबा, आणि बसव. मामा शेजारी बसून बघतील."

दीर वाकला. डबा जड होता. कोणीच हात लावला नाही.