रिकाम्या गाडीतला ठोका

घरात आम्ही दोघं मायलेक, आणि चहा एवढ्या मोठ्या पातेल्यात? हसलास ना? हस बाबा. पण आधी ऐक.

गाडी माझ्या थोरल्या भावाची, बदावीची. जुनी, पेट्रोलवर चालणारी, सात उतारूंची. आमच्या वाळवंटात रीतच अशी की सात भरल्याशिवाय चाक हलवायचं नाही. दार उघडं टाकायचं आणि "खारगा, खारगा" असं गाडी जिथं जायची त्या गावाचं नाव घेत घसा फोडत राहायचं.

गेल्या वर्षी खमसीन म्हणतात त्या पिवळ्या वाळूवाऱ्यात बदावी हरवला. दक्षिणेच्या रस्त्यावर, गंजक्या पाण्याच्या टाकीपाशी गाडी सापडली. दार सताड उघडं, सीटवर वाळू. तो काही सापडला नाही. त्या जागेनं आधीही किती माणसं गिळलीत, देव जाणे. आईनं दुखवटा धरू दिला नाही, आणि जेवणावरची वासनाच गेली तिची.

मग गाडी मी चालवायला लागलो आणि ठोका सुरू झाला. खेड्यांत उतारू सोडले की परतीला कुणी मिळत नसे, रिकामाच परतायचो. टाकी ओलांडली की सपाट रस्त्यावर इंजिनात टक-टक-टक. घराच्या दारात आलं की बंद.

गॅरेजवाला उस्ता गिरगिस म्हणजे इंजिनाचा हकीमच. पेचकसाचं टोक इंजिनाला, लाकडी मूठ कानाला, डोळे मिटलेले.

"ठिणगी घाईत पडतेय," तो म्हणाला. ठिणगीची वेळ धरणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून त्यानं तो केसभर फिरवला, परत आवळला. "तुझा भाऊ टायमिंग पुढंच ठेवायचा. सदा घाई मेल्याला!"

"हरवलेल्या माणसाला तरी सोड की, उस्ता."

त्यानं जीभ चावली आणि तो बघायला म्हणून सोबत आला. टाकीपर्यंत गाडी गुणाची पोर. टाकी मागं पडली, आणि टक-टक-टक...

"महरूस," उस्ता हळूच म्हणाला, "हा ओझ्याचा ठोका आहे. गच्च भरलेली गाडी चढाला लागते ना, तेव्हा येतो हा."

"गाडी तर रिकामी आहे."

"इंजिनाला तसं वाटत नाही रे..."

दोघांपैकी एकानंही मागं वळून पाहिलं नाही. सगळीकडे पिवळा उजेड, तापल्या वाळूचा वास, रस्ता झोपेत चालल्यासारखा सरकतोय. खरं सांगू? भीती वाटली नाही. लहानपणी गाढवाच्या गाडीत बदावीच्या खांद्यावर डोकं टाकून पेंगायचो, तशीच गुंगी आली.

उस्ताला गॅरेजपाशी सोडून घरी आलो, तर दारात आई उभी होती. ठोका थांबला. तिनं पडदा बाजूला धरला, कुणाला तरी आत जाऊ दिलं, आणि मग मला म्हणाली, "तूही ये." आत तीन ग्लास मांडलेले. ठोका सुरू झाल्यापासून ती जेवायला लागली होती, हे खरं. पण माझं टाळकं सटकलं. माझी आई डोळ्यांदेखत वेडी होत होती!

"बंद कर हा ठोका. कसाही कर," मी उस्ताला सांगितलं.

"टायमिंग पार मागं घेतो. गाडी रडत चालेल, पण गप्प राहील. विचार कर, बाबा..."

"कर म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी टाकी आली, गेली. टक नाही की टुक नाही. मी खुशीत घरी पोचलो. आईनं गाडीकडं पाहिलं आणि तिचा चेहराच पडला.

"त्याला कुठं सोडलंस?"

त्यानंतर तिनं अन्नपाणी टाकलं. बघता बघता अशी खंगली की अंथरुणातून उठवेना. आता हीही जाणार, हे मला कळून चुकलं. मग मीच माझ्या हातानं टायमिंग बदावीच्या जागेवर आणून ठेवलं आणि दुपारीच टाकी गाठली. वारा उठत होता. मागचं दार उघडलं. त्याला नावानं हाक मारायची होती, पण नाव काही फुटेना. रोज उघड्या दाराशी उभं राहून जे ओरडत आलो, तेच तोंडातून निघालं.

"खारगा... खारगा... खारगा..."

गाडी मागून हळूहळू खाली बसली. अजून बसली. दार वाऱ्यानं लागलं. वाऱ्यानंच, असं मी म्हणतो.

परतताना असा ठोका की स्टिअरिंग हातात थरथरत होतं. सपाट रस्त्याला पहिल्या गिअरवर कशीबशी ओढत आणली.

उठू न शकणारी माझी आई दारात उभी होती.

"आलास, बाळा..." तिनं पडदा धरला. पडदा हलला. मी रडलो रे, आनंदानं रडलो. पण आईचा हात खाली येईना. ती पडदा धरून उभी, आणि पडदा परत हलला. परत... परत...

"महरूस," ती हळूच म्हणाली, "बदावी आत गेला... हे बाकीचे कोण?"

मी काय सांगणार, कप्पाळ! दारात आलेल्याला आमच्यात परत धाडत नाहीत. तिनं पडदा आणखी थोडा सारला.

"उभा काय राहिलास? मोठं पातेलं काढ."