शिंपल्यातली हवा

देवगडच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रतळावर टेकलेल्या ‘शिंपला’ प्रयोगशाळेत नवं नेटवर्क कार्ड बसवून तासही झाला नव्हता, तोच रेणुका भोगलेचं डोकं जड व्हायला लागलं.

तिथली हवा शुद्ध ठेवण्याचं काम एका जुन्यापुराण्या संगणकाकडे होतं. हवेचा आकडा विचारला की त्याची उत्तरं हल्ली फार रेंगाळत येत, म्हणून किनाऱ्यावरून हे दसपट वेगवान कार्ड आलं होतं. रेणुका संगणक-अभियंता, कार्ड तिनेच बसवलं. पण उत्तरं जलद येण्याऐवजी बंदच पडली. पडद्यावर कार्बन डायऑक्साइडचा आकडा गोठून राहिला आणि शुद्धीकरणाचा पंखा मंदावला, तो मंदच.

“कार्डच सदोष असेल,” सागरी जीवशास्त्रज्ञ इक्बाल मुकादम कपाळ चोळत म्हणाले. शिंपल्यात सध्या दोघंच होती.

“कार्ड धडधाकट आहे, इक्बालभाई. तारही ठीक आहे. संगणक तर मान वर न करता राबतोय. पण करतोय काय?”

टेलिफोन वाजला. किनाऱ्यावरचे प्रमुख, डॉ. सबनीस. “रेणुका, आकडा का येत नाही? आम्ही इथून सारखं विचारतोय!”

सारखं विचारतोय. रेणुका थबकली.

“सर, प्रश्न आला की कार्ड व्यत्यय-संकेत देतं. म्हणजे दार ठोठावतं. संगणक हातातलं काम टाकून दार उघडायला धावतो. दार आधी, बाकीचं मग, असाच तो घडवलाय.”

“मग उत्तर का देत नाही?”

“उत्तर देणं हे आतलं काम. दारातून हलायला त्याला सवड कुठे आहे? आणि उत्तर आलं नाही की तुमची यंत्रं, इथले पडदे, सगळे पुन्हा विचारतात. जुनं कार्ड मंद होतं. झेपणार नाहीत ते प्रश्न बाहेरच सोडून द्यायचं. हे नवं एकही सोडत नाही, सारखं ठोठावत राहतं. त्याच्या मंदपणावर आपण आजवर जगलो, सर.”

“आणि पंखा?” इक्बालभाईंनी विचारलं.

“तेही आतलंच काम.”

किनाऱ्यावरचं एकेक यंत्र बंद करण्याइतका वेळ नव्हता. रेणुकाने नेटवर्कची तार हातात धरली. हवेचा मापक आणि पंखा थेट संगणकाला जोडलेले होते. त्यांना ही तार लागत नव्हती.

“तार काढलीस तर आम्हाला काहीच दिसणार नाही,” सबनीस म्हणाले. “तुझा अंदाज चुकला तर?”

“तर तेही दिसणार नाही.”

इक्बालभाई भिंतीला टेकून भराभर श्वास घेत होते. “काढ, पोरी,” ते म्हणाले.

तिने तार उपसली. सगळे पडदे काळे झाले. पंखा मात्र होता तसाच.

“हवा कशी आहे?” वेगळ्या तारेवर चालणाऱ्या टेलिफोनवरून सबनीसांनी विचारलं.

“माहीत नाही, सर.”

एकदाच तार जोडून आकडा बघावा, असं तिला फार वाटलं. तिने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले.

मग पंख्याचा सूर बदलला. आधी किंचित, मग भरात. मानेवरच्या घामाला गार झुळूक लागली. हळूहळू इक्बालभाईंचा श्वास संथ झाला. तो पुरता सावरल्यावरच रेणुका उठली आणि तिने जुनं कार्ड परत बसवून तार जोडली.

पहिलं उत्तर रेंगाळत, पण आलं. आकडा पडद्यावर उमटला तेव्हा तो पाहायला तिथे कोणी नव्हतं. दोघंही पंख्यासमोर मांडी घालून, डोळे मिटून, तोंडावर वारा घेत बसली होती.