अर्धा सूर खाली

त्या संध्याकाळी घरात तिचा नाचाचा वर्ग ऐन रंगात आला होता. जोड्या गिरक्या घेत होत्या, ती टाळ्या वाजवून ठेका धरत होती, आणि तेवढ्यात दार वाजलं. उघडून बघते तर समोर एक उंच माणूस. एका पायात चप्पल, दुसऱ्यात नाही, आणि दाढ ठणकत असावी असा चेहरा.

वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलोय, असं त्याने सांगितलं. मग जरा अडखळला.

"तुमचा रेकॉर्ड प्लेअर... म्हणजे, राग मानू नका... पण तो अर्धा सूर खाली वाजतो."

ती काही बोलायच्या आत त्याने खिशातून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि तिच्या कानाशी धरला. बारीकसा, स्वच्छ सूर. त्याच्या बाहीला लाकडाचा आणि पॉलिशचा वास येत होता. हे तिने लक्षात घ्यायचं खरं तर काही कारण नव्हतं.

"मी रांगत होते तेव्हापासून ही गाणी अशीच ऐकतेय," ती म्हणाली. "ऐकवत नसतील तर कानात बोळे घाला."

दार लावून ती वळली तर सगळा वर्ग तोंड दाबून हसत होता. वर्गातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तानसेन नसेल, पण कानसेन नक्की आहे. झालं, तेव्हापासून त्याचं नाव कानसेन.

कानसेन घरोघरी जाऊन पियानो सुरात लावायचा. जिन्यात दोघांची गाठ पडायची. तो अंग चोरून वाट द्यायचा आणि ती त्याच्या पायांकडे बघून विचारायची, "आज दोन्ही चपला?" तो गंभीरपणे म्हणायचा, "आज कानांना सुट्टी आहे." एवढंच. पण हल्ली तिला जिना उतरायला उगाचच वेळ लागत होता.

वर्गाचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला. बाबांचे गुडघे बोलू लागल्यावर त्यांनी वर्ग तिच्या हाती दिला होता आणि हे तिचं पहिलंच वर्ष. हौसेनं तिने गाण्यांना खराखुरा बँड ठरवला. पहिल्या तालमीत बँड सुरू झाला आणि तिच्या जोड्यांची दाणादाण उडाली. पाय मागे, गाणं पुढे. डॉक्टरीणबाई तर नवऱ्याच्या पायावर चढून थांबल्या. जरा हळू वाजवा, असं तिने सांगितलं, तर बँडमास्तर म्हणाले की बाई, आम्ही मूळ रेकॉर्डच्याच वेगानं वाजवतोय.

रेडिओवरही ही गाणी तिला घाईत वाटायची, पण रेडिओवालेच उतावळे, अशी तिची समजूत होती. त्या दिवशी ती थेट वरच्या मजल्यावर गेली. 'मी म्हटलं नव्हतं का' असं तो म्हणाला असता तर ती तशीच परतली असती. तो फक्त म्हणाला, "हत्यारं घेतो."

खाली येऊन आधी त्याने नवी सुई बसवली. ती डोळे मिटून ऐकत होती आणि एकदम दचकली. ओळ सुरू होण्याआधी गायिका श्वास घेत होती. इतकी वर्षं ही बाई श्वास घेत होती आणि आपल्याला पत्ताच नाही... सुई पसंत पडली. मग त्याने रेकॉर्डखाली महागाची रबरी चकती घातली. तिला काहीच फरक कळेना. तिने भीत भीत तसं सांगितलं.

"मलाही कळत नाही," तो म्हणाला. "पण दुकानदाराला फार कळत होता."

दोघं हसली. चकती परत डब्यात गेली.

मग त्याने फिरती तबकडी उचलली, पट्टा काढला आणि मोटरवरची छोटी पुली उजेडात धरली. ही झिजलेली नाही, असं त्याने सांगितलं. कुणीतरी हातानं कानस मारून ती बारीक केली होती. पुली बारीक, म्हणून तबकडी सावकाश आणि सूर खाली.

"मी मारली," दारातून बाबा म्हणाले.

त्यांनी खुर्ची ओढली आणि अवघडत सगळं सांगितलं. आई तेव्हा त्यांच्या वर्गात शिकायला यायची. पाय जड, ठेका चुकायचा, रोज रडवेली होऊन म्हणायची की उद्यापासून येणार नाही. मग एका रविवारी त्यांनी कानस घेतली. गाणी हळू झाली आणि आई टिकली.

"तिला अजून माहीत नाही," बाबा हळूच म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "आमच्या घरी रेडिओ नव्हता की काय? पण मला कुठे घाई होती?"

बाबा कानांपर्यंत लाल झाले. तिने कानसेनकडे पाहिलं, तर तोही तिच्याकडेच बघत होता. दोघांनी एकदम नजर वळवली.

दोन-चार दिवसांत त्याने नवी, बरोबर मापाची पुली घडवून आणली. गाणं खऱ्या वेगानं, खऱ्या सुरात वाजलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. गायिका एकदम तरुण झाली होती, चटपटीत, आणि अगदी परकी. कुणीतरी ओळखीचं माणूस घाईत निघून जावं तसं तिला वाटलं.

"हे बरोबर आहे," ती म्हणाली, "पण... माझं नाही. तुम्ही इतकी मेहनत घेतलीत."

ती मान वर करत नव्हती. त्याने नवी पुली काढली आणि कानस मारलेली पुन्हा बसवली. नवी सुई मात्र तिने ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी तो जिना उतरला तो स्वतःचा प्लेअर छातीशी धरूनच. नवा, सुरात चोख. वर्गाला हा वापरा, म्हणाला. महिनाभर त्या वेगानं सगळ्यांना घाम फोडला. कार्यक्रमात बँड वाजला आणि एकही पाय चुकला नाही. डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने तर शेवटी एक जादाची गिरकी घेतली. मागच्या रांगेत कानसेन टाळ्या वाजवत होता, आणि अगदी बेताल. इतका तयार कान, पण हातांना ठेक्याचा गंध नाही. ते बघून तो तिला आणखीच आवडला.

पण प्लेअर परत न्यायला तो येईना. शेवटी एका सकाळी भुरभुर पाऊस लागलेला असताना तिने त्याला जिन्यात गाठलं.

"तुमचा प्लेअर..."

"राहू द्या वर्गात."

"मग तुम्ही वर काय ऐकणार?"

तो कठड्यावरचं पाणी बोटानं पुसत राहिला. "विचार होता की... खाली येऊन ऐकावं."

"आमचा? तो अर्धा सूर खाली आहे."

"माहीत आहे. हल्ली मीही बाहेर पियानो लावताना चुकतोय. काल एका बाईंनी सांगितलं की तुमचं लक्ष नाही." त्याने वर पाहिलं. "खरं होतं ते. लक्ष इथे असतं. तुमच्याकडे."

पाऊस आता आतपर्यंत येत होता. दोघं भिजत होती आणि कुणीच हलत नव्हतं.

"कधीकधी येणार," तिने विचारलं, "की रोज?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"मग रोज ये," ती म्हणाली. 'या'चा 'ये' झालेला दोघांनाही ऐकू गेला, आणि तिने तो मुळीच दुरुस्त केला नाही.