मदर येईपर्यंत

धाकट्या भावाचं, पेतेलोचं, लग्न झालं त्या वर्षी लोसालियाने फुतुना बेटावरच्या मठात नुकतंच व्रत घेतलं होतं. लग्न शेजारच्याच गावात होतं. मठाच्या प्रमुख मदर सुलिया होडीने उवेआ बेटाला निघाल्या होत्या. जाताना लोसालियाला म्हणाल्या, "मी येईपर्यंत कुंपण ओलांडायचं नाही. लग्नातलं डुक्कर तुझ्यावाचूनही संपेल." मग खाटेवरच्या म्हाताऱ्या सिस्टर फालाकिकांकडे वळून हसल्या, "आणि तुम्ही मी येईपर्यंत मरायचं नाही. आज्ञा समजा."

"आज्ञा म्हणजे आज्ञा," फालाकिका म्हणाल्या. घंटा झाली की टाका अर्धा सोडून उठणारी बाई ती.

होडी परतली नाही. फुटक्या फळ्या तेवढ्या किनाऱ्याला लागल्या.

त्यानंतर एका सकाळी लोसालिया अंग पुसायला गेली. फालाकिका केवड्याच्या पानांची चटई विणत होत्या. हात गार होता, मनगटात ठोका नव्हता. नाकाशी धरलेला आरसा स्वच्छ राहिला. डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसली होती. पापणी लवली नाही.

"मदर आल्या का गं?"

"नाही."

"मग विणते. फार दमलेय पण."

पेजेची वाटी रोज तशीच परत जाऊ लागली. लोसालियाने उशाशी चाफा ठेवला, तो दुपारीच काळा पडला. विणणाऱ्या बोटांची कातडी सुटत चालली.

"तूच म्हण ना, आज्ञा उठली म्हणून."

"मला कुठला अधिकार, सिस्टर?"

अखेर उवेआहून नव्या मदर आल्या. लोसालियाने त्यांचे पाय धरले. मदरनी खाटेकडे पाहिलं, नाकाला रुमाल लावला.

"आज्ञा उठली, सिस्टर."

फालाकिकांचे हात थांबले. पान अर्धंच राहिलं.

"तुझं काही मागणं आहे, लोसालिया?"

तिला कुंपण आठवलं. पेतेलो आठवला. पण स्वतःसाठी मागायला जीभ उचलेना.

"काही नाही, मदर."

अर्धी चटई तिने व्हरांड्यात बसून पुढे विणायला घेतली. वर्षं सरली. पेतेलो कुंपणापलीकडून ओरडायचा, "तुझ्या मदरला मासे खाऊन गेले, ताई! मला नातवंडं झाली. आता तरी घरी ये!"

ती हसायची. विणत राहायची.

लोसालिया गेल्या साली, ईस्टरनंतरच्या सोमवारी वारली. कब्रस्तान कुंपणाबाहेर आहे. खांदा देताना पेतेलो म्हणाला, पेटी फार हलकी आहे.

व्हरांड्यातली चटई अजून वाढते आहे.