शंभरापैकी अठ्ठ्याण्णव

सोलापूरच्या पाय-संशोधन केंद्रात निश्चितीमापक बसवला, तेव्हा डॉक्टर गुंजीकरांनी त्याला हार घातला. यंत्राने हरकत घेतली नाही.

यंत्र साधं होतं. मधुमेही रुग्णाच्या डोक्याला पट्टा बांधायचा आणि विचारायचं, 'स्वतःच्या पायांची काळजी तुम्ही नीट घेता, याची कितपत खात्री आहे?' तोंडाने सगळेच 'हो हो' म्हणतात. म्हणून उत्तर थेट मेंदूतून घ्यायचं. शंका उमटली की गुण कमी. नव्वदच्या वर गेलेल्याला प्रमाणपत्र, आणि दरमहाच्या पायतपासणीतून सुटका.

वर्षभराने, ते यंत्र बनवणारी शर्वरी डॉक्टरांच्या खोलीत आली.

"सर, यंदा ज्यांचे पाय कापावे लागले, ते सगळे नव्वदच्या वरचे आहेत."

"म्हणजे यंत्र बिघडलं."

"यंत्र बरोबर आहे. त्यांना खरंच खात्री होती. शंका येते कुठून, सर? चप्पल चावते, काटा सलतो, तेव्हा पाय मेंदूला कळवतो. साखरेने नसा मेल्या की कळवणं बंद. तक्रार नाही म्हणजे सगळं उत्तम, असं मेंदू धरून चालतो."

"आपलं खातंही तसंच चालतं," डॉक्टर म्हणाले. "मग नव्वदच्या वरच्या बाकीच्यांना तातडीने बोलवा."

"बोलावलं. कोणी येत नाही."

"का?"

"खात्री आहे त्यांना."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आणि येतात कोण?"

"कमी गुणांचे. रोज आरशात तळवे बघणारे. त्यांचे पाय ठणठणीत आहेत."

शर्वरीचे मामा, निवृत्त चित्रकला शिक्षक अनंत रेवणकर, यांना अठ्ठ्याण्णव गुण होते. प्रमाणपत्राला त्यांनी स्वतः चौकट केली होती. फोनवर ते एवढंच म्हणत, "तुझ्याच यंत्राने दिलेत ना गं?"

शेवटी ती त्यांना आणायला घरी गेली. मामी म्हणाली, "दत्ताच्या देवळात असतील. गुरुवारी भर दुपारी फेऱ्या घालतात. लोक पाया पडतात आता त्यांच्या."

एप्रिलचं ऊन होतं. देवळाच्या अंगणातली काळी शहाबादी फरशी तव्यासारखी तापली होती. बाकीचे भक्त ओल्या तरटाच्या पट्टीवरून पळत होते. मामा मात्र उघड्या फरशीवरून सावकाश, नामस्मरण करत चालले होते.

"श्रद्धा बघा," पुजारी म्हणाला. "पोळतच नाही त्यांना."

मामांच्या मागे फरशीवर ओली पावलं उमटत होती. ओल्या पट्टीवर तर त्यांनी पाऊलही ठेवलं नव्हतं.

शर्वरीने सवयीने चपला दारात काढल्या आणि धावत जाऊन मामांचा दंड धरला. एका जागी उभं राहणं अशक्य होतं. ती एक पाय उचलून दुसरा टेकवत होती.

"मामा, चला इथून. पाय बघा आधी."

मामांनी पाहिलं. तिच्या पायांकडे.

"शरू, दवाखान्यात दाखव बाई," ते काळजीने म्हणाले. "तुझ्या पायांचं काहीतरी बिघडलंय."

आणि हात सोडवून पुढच्या फेरीला लागले.