वस्ती ते दवाखाना

खोटं वाटेल, पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

माझा मावसभाऊ विरेश गेल्या वर्षी एका कंपनीत रस्ते मोजायच्या कामावर होता. वस्तीपासून डांबरी रस्ता, शाळा, दवाखाना किती लांब, पावसाळ्यात तिथं पोचता येतं का, हे मोबाईलमध्ये भरायचं.

ऑगस्टमधला मंगळवार. दुपारचे चार. वळसंग गावाच्या पुढची एक वस्ती.

कागदावर तिथपर्यंत पक्का रस्ता होता.

प्रत्यक्षात डांबर ओढ्याच्या अलीकडंच संपलं. पलीकडं सव्वा किलोमीटर नुसता काळा चिखल. विरेशनं गाडी डांबरावर लावली, पँट दुमडली, ओढा ओलांडला.

थोडं चालल्यावर वास आला...

मेलेलं जनावर पावसात सडावं तसा. पण जनावर कुठंच नव्हतं. वास इतका दाट, की जिभेवर चव उतरली. तो वाकून भडाभडा ओकला.

आणि मागून...

पचक... पचक...

चारपाच माणसं काहीतरी जड उचलून चालल्यासारखी. लाकूड करकरत होतं.

वाट द्यायला तो बाजूला सरला.

मागं कुणीच नव्हतं.

पडतधडत तो वस्तीवर पोचला. शरणम्मा नावाच्या म्हातारीनं तांब्याभर पाणी दिलं. त्याचं तोंड बघून तिनंच विचारलं, "वास आला व्हय?"

विरेशनं मान हलवली.

"माजी सून हाय ती. चंद्रिका. दोन वर्सं झाली. बाळंतपणाला अडली हुती. गाडी येईना, म्हणून पोरांनी बाजंवर घालून न्हेली. वढ्यात पाय घसरलं. बाज पुरात गेली. चार दिसांनी घावली... वळकू बी येईना."

"परत जायला दुसरी वाट?"

"न्हाय की. खांद्याला जड वाटलं तर टाकू नगंस, बाळा."

परतताना अर्ध्या चिखलात त्याचा उजवा खांदा खाली दबला.

कुणी दिसत नव्हतं. पण तो वास आता गालाला चिकटला होता. मानेवर काहीतरी कोमट, चिकट ठिबकलं... कॉलरच्या आत ओघळलं.

मग कानाशी बाईचा आवाज. कन्नडमध्ये. विरेशच्या घरचीच भाषा.

"इन्नू एष्टु दूर?..."

अजून किती लांब?

"बंतु, बंतु," तो म्हणाला. आलं, आलं.

तसाच ओढ्यात उतरला. पाण्यात ओझं दुप्पट झालं. तरी त्यानं ओलांडला.

डांबराला पाय लागले मात्र, त्यानं दोन्ही हातांनी खांदा झटकला आणि गाडीला किक मारली.

मागून पुन्हा तेच...

"इन्नू एष्टु दूर?..."

फॉर्ममध्ये त्यानं 'रस्ता नाही' असं भरलं. वरच्या साहेबांनी ते बदललं म्हणे. विरेशनं काम सोडलं. आता एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जातो.



स्वतःबद्दल तो एकदाच बोलला, माझ्याकडं न बघता.

"त्या वासाची नाही रे, मला माझीच किळस येते. घाण झटकावी तसं झटकलं मी तिला. दवाखाना तिथनं अजून अकरा किलोमीटर होता."